ॲमस्टरडॅमची पांढरी गाडी

1965च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवर पांढऱ्या रंगाच्या काही सायकली दिसू लागल्या. त्यांना कुलूप नव्हतं. ज्याला हवी त्याने घ्यावी, जिथे जायचं तिथवर न्यावी आणि पुढच्यासाठी तिथेच सोडावी. मोटारींच्या गर्दीला विटलेल्या ‘प्रोव्हो’ या तरुणांच्या गटाची ही योजना, आणि तिच्यामागचं डोकं लुड स्किमेलपेनिंक यांचं. पोलिसांनी सायकली उचलून नेल्या. बिनकुलपाची सायकल म्हणजे चोरांना आमंत्रण, असं त्यांचं म्हणणं होतं.

दोन वर्षांनी स्किमेलपेनिंक शहराच्या कौन्सिलमध्ये पोहोचले. सार्वजनिक सायकलींचा प्रस्ताव तिथेही फेटाळला गेला. मग त्यांनी त्याहून मोठं काम हाती घेतलं: विजेवर चालणारी, सगळ्यांच्या मालकीची मोटार. तिचं नाव ‘विटकार’, म्हणजे पांढरी गाडी.

21 मार्च 1974 रोजी आमस्टेलफेल्ड या चौकात विटकारचं पहिलं स्टेशन सुरू झालं. उद्घाटनाला आरोग्य व पर्यावरण खात्याच्या मंत्री इरेन फोरिंक आल्या होत्या. आदल्याच हिवाळ्यात तेलटंचाईमुळे हॉलंडमध्ये रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी होती, त्यामुळे पेट्रोलशिवाय धावणाऱ्या गाडीची थट्टा करण्याचे ते दिवसच नव्हते.

गाडी मोठी देखणी. तीन चाकं, दोन माणसांपुरती जागा, उभी गोलसर केबिन, चहूबाजूंनी काचा आणि वेग ताशी जेमतेम 30 किलोमीटर. पण खरी करामत गाडीत नव्हती, स्टेशनात होती. सभासद आपली किल्ली लावायचा आणि कुठल्या स्टेशनला जायचं ते आधीच सांगायचा. मध्यवर्ती संगणक तिथे जागा रिकामी आहे का ते बघायचा आणि असेल तरच गाडी सुटायची. पोहोचल्यावर गाडी रांगेत शेवटी लावायची. डोक्यावरच्या पट्टीतून वीज मिळून ती पुन्हा भरायची. पैसे मिनिटांच्या हिशेबाने. मोबाइल तर सोडाच, घरगुती संगणकही नव्हता त्या काळात! आज ॲपवर जे चालतं त्याचा जवळजवळ सगळा आराखडा इथे तयार होता.

मग घोडं अडलं कुठे? जागेवर. योजना कितीतरी मोठी होती. प्रत्यक्षात पाच स्टेशनं आणि सुमारे 35 गाड्या एवढ्यावरच ती थांबली. सभासद मात्र चार हजारांच्या आसपास, म्हणजे एका गाडीमागे शंभराहून जास्त. शिवाय पाच ठिकाणांमध्ये जोड्या होतात फक्त दहा. पंधरा स्टेशनं असती तर त्याच जोड्या 105 झाल्या असत्या. अशा सेवेची उपयुक्तता स्टेशनांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढते, आणि स्टेशनं कमी असली की ती तितक्याच झपाट्याने आटते. त्यात गाड्या एकाच बाजूला साचायच्या, दुसरीकडे माणसं ताटकळायची. पुढच्या स्टेशनांसाठी लागणारं सरकारी पाठबळ मिळालं नाही. सहकारी तत्त्वावर सुरू झालेली ही सेवा 1986मध्ये बंद पडली.

नुसती स्टेशनं वाढवली की भागतं, असंही नाही. पॅरिसने 5 डिसेंबर 2011 रोजी बोलोरे कंपनीबरोबर ‘ऑटोलिब’ ही तशीच सेवा सुरू केली आणि विटकारला जे मिळालं नाही ते तिला पुढे भरभरून मिळालं: एक हजाराहून जास्त स्टेशनं, सुमारे चार हजार गाड्या, दीड लाखाच्या आसपास वर्गणीदार. तरीही गाड्या अस्वच्छ असल्याच्या तक्रारी वाढल्या, ॲपवरच्या टॅक्सींनी प्रवासी पळवले, तोटा साचला आणि तो कोणी भरायचा यावर कंपनी व नगरपालिका यांचं बिनसलं. 31 जुलै 2018 रोजी सेवा बंद झाली.

तरी या दोन अपयशांना एका मापाने मोजणं चूक ठरेल. ॲमस्टरडॅममध्ये कल्पना पुरेशा जागेवर कधी आजमावलीच गेली नाही. पॅरिसमध्ये ती आजमावली गेली आणि करार फसला. ऑटोलिबच्या गाड्या गेल्या, पण रस्त्याकडेचे चार्जिंगचे खांब शहराच्या हाती राहिले. त्यांतले बरेच दुरुस्त करून पॅरिसने पुढे ‘बेलिब’ या सार्वजनिक चार्जिंग जाळ्यात घेतले.