एका गोठलेल्या चित्राची गोष्ट: १९७७ साली ‘डॉक्टर हू’चा मार्ग कोणी बदलला?

१/ शनिवार, १३ नोव्हेंबर १९७६. बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतील ‘द डेडली असॅसिन’ या कथेचा तिसरा भाग संपत आला आहे. प्रतिस्पर्धी नायकाचे डोके पाण्याखाली दाबून धरतो आणि नेमक्या त्या क्षणी चित्र गोठते. नायक वाचला की बुडाला, हे कळण्यासाठी ब्रिटनमधील मुलांना आठवडाभर थांबायचे होते.

२/ या दृश्याविरुद्ध तक्रार झाली. बीबीसीच्या महासंचालकांनी दिलगिरी व्यक्त केली. काही महिन्यांत मालिकेचा निर्माता बदलला आणि मालिकेचा सूरही बदलला. या घटना एका ओळीत मांडल्या की गोष्ट फार सोपी होते: एका बाईंनी पत्र लिहिले आणि मालिका बदलली. चाहत्यांमध्ये ही गोष्ट अनेकदा अशीच सांगितली जाते. ती कितपत टिकते, ते या थ्रेडमध्ये पाहू.

३/ आधी थोडी पार्श्वभूमी. मालिका सुरू झाली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी. बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन, पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक, लखनौत जन्मलेले वारिस हुसेन. काळातून प्रवास करणारा नायक १९६६ साली प्रथमच नव्या देहात अवतरला, म्हणजे नटच बदलला. बदल हा या मालिकेचा स्थायीभाव तेव्हापासूनचा.

४/ आज अशा मालिकेच्या प्रमुखाला ‘शोरनर’ म्हणतात. या मालिकेच्या संदर्भात तो शब्द रुळला २००५ नंतर, रसेल टी. डेव्हिस यांच्या काळात. १९७०च्या दशकात ते काम दोघांत वाटलेले असे. निर्माता पैसा, माणसे आणि वेळापत्रक सांभाळी. पटकथा संपादक लेखकांकडून कथा मिळवून त्या घडवी. निर्माता हा बीबीसीने नेमलेला माणूस. मालिका त्याच्या मालकीची नव्हे. पुढचे सारे समजण्यासाठी हा भेद महत्त्वाचा.

५/ नव्या निर्मात्याला कोरी पाटी मिळत नाही, याचे उदाहरण आधीच घडले होते. १९७० साली मालिका रंगीत झाली आणि खर्च आटोक्यात राहावा म्हणून नायकाला पृथ्वीवर हद्दपार करण्यात आले. निर्णय आधीच्या मंडळींचा. तो निभवायची वेळ आली नवे निर्माते बॅरी लेट्स यांच्यावर. ही हद्दपारी औपचारिकपणे संपली ‘द थ्री डॉक्टर्स’ या कथेत, १९७३च्या आरंभी.

६/ लेट्स यांच्यानंतर आले फिलिप हिंचक्लिफ. ‘द आर्क इन स्पेस’ (१९७५) ही त्यांची पहिली कथा. तेव्हा ते अवघ्या तिशीचे होते. पटकथा संपादक रॉबर्ट होम्स यांच्यासह त्यांनी मालिका भयकथेकडे वळवली. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये चालत्या ममी आल्या, तर ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये फ्रँकेन्स्टाइनची छाया. नायक होते टॉम बेकर. प्रेक्षकसंख्या अनेकदा १ कोटीच्या पुढे जाई. चाहत्यांपैकी अनेकजण हाच मालिकेचा सुवर्णकाळ मानतात.

७/ तक्रार करणाऱ्या बाई म्हणजे मेरी व्हाइटहाउस. पेशाने शिक्षिका. दूरचित्रवाणीवरील लैंगिकता, हिंसा आणि शिवराळपणा यांविरुद्ध त्यांनी १९६४ साली मोहीम उघडली आणि १९६५ साली प्रेक्षक-श्रोत्यांची राष्ट्रीय संघटना स्थापली. ‘डॉक्टर हू’ हे त्यांचे एकमेव लक्ष्य नव्हते. मात्र मुलांच्या संध्याकाळच्या वेळेत दाखवलेली हिंसा हा त्यांचा मुद्दा जनतेला सहज पटणारा होता.

८/ त्यांची पत्रे आधीपासूनच जात होती. मग १९७६ सालीच परिणाम का झाला? एक कारण बीबीसीच्या आत सापडते. १९६९पर्यंत महासंचालक असलेले ह्यू ग्रीन व्हाइटहाउस यांना दाद देत नसत. त्यांच्यानंतरचे चार्ल्स करन यांनी मात्र ‘द डेडली असॅसिन’च्या तक्रारीला उत्तर दिले आणि दिलगिरीही व्यक्त केली. तक्रार तीच होती. दाराआडचा माणूस बदलला होता.

९/ दुसरे कारण बाहेरचे. ब्रिटनमधील प्रसारणाचे भवितव्य ठरवण्यासाठी १९७४ साली नेमलेल्या ॲनन समितीचा अहवाल १९७७च्या मार्चमध्ये आला. बीबीसीचा परवाना-शुल्काचा दर सरकार ठरवत असे. आपल्या कारभाराची तपासणी सुरू असताना कोणतीही सार्वजनिक संस्था लोकांच्या रोषाकडे अधिक गांभीर्याने पाहते. तक्रारीला मिळालेले वजन या काळातून वेगळे काढता येत नाही.

१०/ दिलगिरी केवळ कागदावर राहिली नाही. पुनःप्रक्षेपणापूर्वी मूळ टेपवरून तो गोठलेला क्षण कापून टाकण्यात आला. पुढे प्रक्षेपणाच्या वेळी झालेल्या वेगळ्या रेकॉर्डिंगवरून तो पुन्हा जोडला गेला. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हा लहानसा धडा आहे: संस्थेच्या दप्तरातील प्रत हीच ‘मूळ’ प्रत असेल, असे गृहीत धरू नये.

११/ आता निर्माता बदलण्याकडे वळू. हिंचक्लिफ यांना नोकरीवरून काढले नव्हते. त्यांना ‘टार्गेट’ ही पोलिसमालिका देण्यात आली. ती ज्यांनी आखली होती, ते ग्रॅहम विल्यम्स ‘डॉक्टर हू’वर आले. सरळ अदलाबदल. गंमत अशी की ‘टार्गेट’वरही हिंसेवरून टीका झाली. हिंसा करणारा निर्माता नको, असा बीबीसीचा पवित्रा असता तर ही बदली अनाकलनीय ठरली असती. प्रश्न होता तो वेळेचा आणि प्रेक्षकाच्या वयाचा.

१२/ विल्यम्स यांच्या हाती दोन बंधने आली. पहिले, भय आणि हिंसा कमी करण्याचा स्पष्ट आदेश. दुसरे, पैसा. १९७५ साली ब्रिटनमधील महागाईचा दर २४ टक्क्यांच्या आसपास पोचला होता. १९७६ साली सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागावे लागले. कागदावरची तरतूद तीच राहिली तरी तिच्यातून उभे राहणारे नेपथ्य दरवर्षी रोडावत होते. व्हाइटहाउस यांच्या पत्राने हे घडले नव्हते.

१३/ त्यात अनपेक्षित अडचणी. टेरन्स डिक्स यांनी पहिल्या कथेसाठी रक्तपिपासू वेताळांचा विषय घेतला होता. पण बीबीसी तेव्हा ‘ड्रॅक्युला’चे प्रतिष्ठेचे रूपांतर करीत होती, म्हणून तो बाजूला ठेवावा लागला. घाईने लिहिली गेली दीपगृहावरची ‘हॉरर ऑफ फँग रॉक’ (सप्टेंबर १९७७). लंडनमध्ये स्टुडिओ न मिळाल्याने ती बर्मिंगहॅमला चित्रित झाली. भय कमी करण्याच्या आदेशानंतरच्या या पहिल्या कथेत नायक आणि त्याची साथीदार लीला वगळता दीपगृहावरचे प्रत्येक माणूस मरते!

१४/ सूर खरोखर बदलला तो हळूहळू. ऑक्टोबर १९७७मध्ये ‘के-नाइन’ हा यंत्रकुत्रा आला आणि मुलांचा लाडका झाला. १९७८-७९चे संपूर्ण पर्व ‘की टू टाइम’ या एकाच शोधसूत्रात गुंफले गेले. सहा कथा, एक धागा. मालिकेत असा प्रयोग यापूर्वी झाला नव्हता. भयाची जागा विनोदाने आणि टॉम बेकर यांच्या लहरी अभिनयाने घेतली. भयाला मनाई झाल्यावर उरलेल्या वाटांपैकी ही सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेली वाट होती.

१५/ या वाटेचे शिखर म्हणजे ‘सिटी ऑफ डेथ’ (१९७९). पटकथा संपादक होते डग्लस ॲडम्स. डेव्हिड फिशर यांच्या कल्पनेवर ॲडम्स आणि विल्यम्स यांनी अल्पावधीत नवी संहिता बेतली. श्रेयनामावलीत ‘डेव्हिड ॲग्न्यू’ हे टोपणनाव झळकले. मालिकेचे परदेशातील पहिले चित्रीकरण याच कथेसाठी पॅरिसमध्ये झाले. शेवटचा भाग १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. या आकड्यामागे संपामुळे बंद पडलेल्या आयटीव्हीचाही वाटा होता, हे विसरू नये.

१६/ संपाने दिले, ते संपानेच नेले. त्याच पर्वाची अखेरची कथा ‘शाडा’ केंब्रिजमध्ये चित्रित होऊ लागली आणि बीबीसीतील संपामुळे अर्धवट राहिली. ती ठरल्या वेळी प्रक्षेपित झालीच नाही. विल्यम्स यांचा कार्यकाळ असा अपूर्ण कथेवर संपला.

१७/ १९८० साली जॉन नेथन-टर्नर आले आणि पुन्हा नवे वळण. नवी शीर्षकदृश्ये, नवे संगीत, विनोदाला लगाम. पटकथा संपादक क्रिस्टोफर बिडमीड यांचा भर विज्ञानावर. जानेवारी १९८१मध्ये ‘के-नाइन’ गेला, मार्चमध्ये टॉम बेकरही गेले. आणि बाजूला ठेवलेली ती वेताळकथा? ती याच पर्वात ‘स्टेट ऑफ डिके’ या नावाने पडद्यावर आली. तीन वर्षांपूर्वी वर्ज्य ठरलेला विषय आता चालून गेला.

१८/ आणखी एक विचार. हिंचक्लिफ यांची अखेरची कथा ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ आज आक्षेपार्ह ठरते ती वेगळ्याच कारणासाठी: चिनी खलपात्र रंगभूषा केलेल्या गोऱ्या नटाने साकारले आणि चिनी लोकांविषयीचे जुने पूर्वग्रह कथेत तसेच आले. मुलांनी काय पाहू नये, याचे उत्तर प्रत्येक पिढी आपल्या काळजीनुसार देते.

१९/ मग मार्ग बदलला कोणी? व्हाइटहाउस यांच्या पत्राने ठिणगी पडली, हे खरे. पण ती पेटली ती सावध झालेल्या संस्थेमुळे आणि विझताना उरलेला आकार दिला रिकाम्या तिजोरीने. विल्यम्स यांच्यावर ‘मालिका थट्टेवारी नेली’ असा ठपका दीर्घकाळ राहिला. भय काढून घेतल्यावर आणि पैसा आटल्यावर दुसऱ्या कोणी काय केले असते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

२०/ कालखंडांना माणसांची नावे देणे सोयीचे असते: हिंचक्लिफ काळ, विल्यम्स काळ. त्या सोयीची किंमत बहुधा नंतर येणारा माणूस मोजतो, कारण आधी झालेल्या निर्णयांचे परिणाम त्याच्या नावावर जमा होतात. उत्तराधिकाऱ्याचा न्याय करण्यापूर्वी त्याच्या हाती काय सोपवले गेले होते, त्याची यादी आधी करावी. दूरचित्रवाणीच्या इतिहासातही हा नियम मोडण्याचे कारण नाही.