जुन्या देवनागरी आज्ञावली व नवी परिचालन प्रणाली

जुन्या परिचालन प्रणालीसाठी तयार केलेली आज्ञावली नव्या प्रणालीवर चालविणे, ही संगणकाच्या इतिहासात पुनःपुन्हा उद्‌भवलेली समस्या आहे. संगणकाची स्मृती, कळफलक, पडदा, मुद्रक इत्यादींचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस परिचालन प्रणाली म्हणतात. इतर आज्ञावली आपली कामे तिच्यामार्फत करून घेतात. त्यामुळे ती बदलली की त्या बंद पडण्याचा संभव असतो. मराठीच्या बाबतीत आज्ञावलीबरोबर तिच्यात लिहिलेला मजकूरही वाचता येईनासा होतो.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली, तेव्हा ग्राहकांजवळ जुन्या १४०१ संगणकासाठी लिहिलेल्या असंख्य आज्ञावली होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून मालेतील काही संगणकांत १४०१ चे कार्य हुबेहूब वठविण्याची सोय ठेवण्यात आली. अशा सोयीस अनुकारक म्हणतात.

भारतात कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत देवनागरी संगणनाचे प्रारंभीचे संशोधन झाले व पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. त्यावेळची डॉस प्रणाली रोमन लिपीपुरतीच होती. जिस्ट कार्ड हा मंडलपट्ट संगणकाच्या खाचेत बसविला, की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की ही संकेतावली प्रमाण ठरविली.

विंडोज प्रणाली रूढ झाल्यावर मंडलपट्टाची गरज उरली नाही. सी-डॅकची आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तसेच आकृती इ. आज्ञावली कार्यालये व छापखाने यांत वापरात आल्या. त्यांच्या बहुतेक टंकांत (फॉन्टांत) रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी असे. साहजिकच तो टंक नसलेल्या संगणकावर मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व विंडोज २००० मध्ये तिच्याद्वारे देवनागरीची सोय झाली. जालना जिल्ह्यातील राजूर या गणपतीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. इस्कीत ते २०७, २१८, १८६, २२२, २०७ या क्रमांकांनी साठविले जाते. युनिकोडमध्ये तेच नाव २३५२, २३६६, २३३२, २३७०, २३५२ असे होते. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु यंत्राच्या दृष्टीने त्यांत काहीच समान नाही.

जुनी आज्ञावली चालू ठेवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, नव्या प्रणालीने जुन्या आवृत्तीसारखे वागणे. ही सोय विंडोज एक्सपीत (२००१) सर्वसाधारण वापरकर्त्यास मिळाली. दुसरा, डॉसबॉक्ससारखा (२००२) अनुकारक वापरणे. तिसरा, नव्या संगणकात आभासी संगणक निर्माण करून त्यावर जुनी प्रणाली जशीच्या तशी बसविणे. विंडोजच्या ६४ बिटी आवृत्त्यांत १६ बिटी आज्ञावली थेट चालत नाहीत आणि विंडोज ११ (२०२१) केवळ ६४ बिटी असल्याने शेवटच्या दोन मार्गांचे महत्त्व वाढले आहे. तथापि जिस्ट कार्डासारख्या खास यंत्रांशाची नक्कल सामान्य अनुकारकात नसते. काही आज्ञावलींना संगणकाच्या मुद्रक-जोडणीत बसवावयाचे यांत्रिक कुलूप लागे. ते हरवल्यास आज्ञावली उघडत नाही.

म्हणून या मार्गांनी केवळ उसंत मिळते. मजकूर टिकण्यासाठी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर आवश्यक ठरते. हे काम केवळ क्रमांक बदलण्याचे नाही. टंकाधारित मजकुरात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठविलेला असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा करावा लागतो. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील भेद या प्रक्रियेत लोपल्यास अर्थच बदलतो. त्यामुळे रूपांतरित मजकूर जुन्या छापील प्रतीशी, अथवा जुन्या आज्ञावलीतून पडद्यावर दिसणाऱ्या पाठाशी, ताडून पाहणे इष्ट असते. जुनी आज्ञावली चालू स्थितीत राखण्याचे खरे प्रयोजन हेच होय : मूळ पाठाची अखेरची साक्ष तिच्याजवळ असते आणि ती बंद पडण्यापूर्वीच रूपांतर पूर्ण होणे अगत्याचे असते.