कोडच्या पोटातली थट्टा

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे रुक्ष आज्ञांची यादी, अशी बहुतेकांची समजूत असते. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत आलो, तेव्हापासून संगणकाशीच माझा संबंध. त्यातूनच या रुक्ष याद्यांत लपवून ठेवलेल्या थट्टा शोधण्याचा नाद लागला. त्यांचा इतिहास पन्नास वर्षांहून जुना आहे आणि तो नुसताच गमतीचा नाही.

१९७२ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डॉन वुड्स आणि जेम्स लायन या विद्यार्थ्यांनी तेव्हाच्या प्रोग्रॅमिंग भाषांची टिंगल म्हणून इंटरकॅल नावाची एक भाषाच रचली. तिच्यात आज्ञेपूर्वी 'प्लीज', म्हणजे आपले 'कृपया', लिहायची सोय होती. माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. 'कृपया' फार कमी वेळा आले तर लिहिणारा उद्धट म्हणून हा कंपायलर काम नाकारी. फार वेळा आले तर लाळघोटेपणा म्हणून नाकारी. आणि खरी खोडी पुढेच आहे. माहितीपुस्तिकेत या नियमाचा उल्लेखच नव्हता! 'सविनय सादर' लिहिण्यात हयात गेलेल्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

याच वुड्सने पुढे विल क्राउदरचा 'कोलोसल केव्ह' हा गुहांचा खेळ वाढवला. त्यावरून स्फूर्ती घेऊन अटारी कंपनीच्या वॉरन रॉबिनेटने आपला खेळ लिहिला. कंपनी तेव्हा खेळ लिहिणाऱ्यांची नावे जाहीर करत नसे. म्हणून त्याने खेळातच एक गुप्त खोली करून तिथे स्वतःचे नाव लिहून ठेवले. ईस्टरला मुलांनी शोधावीत म्हणून रंगवलेली अंडी लपवतात, त्यावरून अटारीतच अशा लपवाछपवीला 'ईस्टर एग' हे नाव पडले.

मला सर्वांत आवडतो तो जीसीसी या कंपायलरचा किस्सा. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रसिद्ध केला. सी भाषेचे नियम तेव्हा ठरत होते. 'प्रॅग्मा' या आज्ञेवर काय करायचे ते कंपायलर बनवणाऱ्याने ठरवावे, असे त्या नियमांत होते. स्टॉलमन यांना हे पसंत नव्हते. त्यांनी नियमाचा शब्दशः अर्थ घेतला. ही आज्ञा दिसली की त्यांचा कंपायलर काम सोडून नेटहॅक हा खेळ सुरू करू पाही. तो नसला तर रोग. तोही नसला तर हनोईच्या मनोऱ्यांचे कोडे. काहीच सापडले नाही तर जो संदेश येई, तो वुड्सच्या गुहेतल्या चक्रव्यूहाच्या वाक्याची नक्कल होता. नियमात बसवून केलेला इतका सुरेख निषेध आमच्या कचेऱ्यांतही क्वचितच पाहायला मिळतो.

आपल्यासारख्या, घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्यांना पीएचपीची गोष्ट जवळची वाटेल. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायली विद्यार्थ्यांनी ही भाषा नव्याने लिहिली आणि १९९८ साली तिची तिसरी आवृत्ती आली. त्यांच्या कोडमध्ये दुहेरी अपूर्णविरामाच्या चिन्हाला इंग्रजी नव्हे, हिब्रू नाव होते: 'पामायिम नेकुदोतायिम'. अर्थ अगदी साधा, दोनदा अपूर्णविराम. पण चूक झाली की हे शब्द पडद्यावर येत आणि जगभरचे प्रोग्रॅमर चक्रावून जात. नाव बदलावे असा प्रस्तावही आला, तो फेटाळला गेला.

पायथन ही भाषा ब्रिटिश विनोदी मंडळी 'मॉन्टी पायथन' यांच्या नावाची, तेव्हा तिथे थट्टा असणारच. 'इम्पोर्ट धिस' लिहिले की टिम पीटर्स यांची १९ सूत्रे उमटतात. कोड सुबोध असावा, असा त्यांचा उपदेश. ज्या फाइलमध्ये ती आहेत ती मात्र मुद्दाम दुर्बोध लिहिली आहे. प्रत्येक अक्षर तेरा जागा पुढे सरकवलेले. लहानपणी आपण च-च्या भाषेत 'गंमत'चे 'चंमतग' करायचो, त्यातलाच प्रकार.

पण लपवता येते ते नेहमी थट्टाच असेल असे नाही. युनिक्सचे एक कर्ते केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्ये अशी करामत करता येते की तो लॉगिनच्या प्रोग्रॅमला चोरदार ठेवील आणि स्वतःची नवी प्रत तयार करताना तीच करामत तिच्यातही घालील. मग मूळ कोडमधून त्या ओळी पुसल्या तरी चोरदार राहतेच! वाचणाऱ्याला कोड स्वच्छ दिसतो. जिथे लोकांचे सातबारे, पेन्शन, दाखले यंत्रावर आहेत, तिथे हे ऐकून हसू येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल ९७ मध्ये विमान उडवण्याचा आख्खा खेळ लपवलेला होता. २००२ साली कंपनीने विश्वासार्हतेची मोहीम घेतली आणि अशा गोष्टी बंद झाल्या. पीएचपीतही पत्त्यापुढे ठरावीक अक्षरे जोडली की चित्र दिसे. त्यामुळे संकेतस्थळ कशावर चालते ते परक्याला कळे. २०१३ साली आवृत्ती ५.५ मध्ये तेही काढून टाकले. ठीकच झाले, असे मला वाटते.

पायथनमधल्या गमती टिकल्या आहेत. 'अनंत' या संख्येचा हॅश, म्हणजे संगणकाने तिला दिलेली खूणसंख्या, विचारली तर आजही ३१४१५९ असे उत्तर येते. म्हणजे 'पाय'चे पहिले सहा अंक. ही संख्या ज्या ओळीत लिहिली आहे ती ओळ कोणालाही उघडून पाहता येते.