शिळेवरची लक्ष्मी

राजा रविवर्म्यांची लक्ष्मी घरोघरी पोचली ती शिळाछापामुळे. १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला.

काम मोठं नजाकतीचं. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं, शिळा भिजवायची, मग शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई धरत नाही. ती फक्त खडूच्या रेघांना चिकटते. प्रत्येक रंगाला शिळा वेगळी, आणि एक जरी केसभर सरकली तरी देवीचा चेहरा बिघडलाच.

तैलचित्रातली छटांची खोली छापात पुरती उतरली नाही, हे खरं. पण संस्थानिकांच्या दिवाणखान्यातली चित्रकला चाळीतल्या देव्हाऱ्यापर्यंत आली, ही गोष्ट त्याहून मोठी!

शिळाछाप रविवर्म्यांच्या आधीही होता: पुण्यात चिपळूणकर मंडळींचा चित्रशाळा छापखाना १८७८ पासूनच होता. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी रविवर्म्यांच्या छापखान्यात राबले.