सहाध्यायी : विनयापासून वेलिवाड्यापर्यंत

परमपूज्य बाबासाहेबांच्या अध्ययनाविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, त्यात अठरा-अठरा तासांच्या एकाकी वाचनाचे चित्र प्रामुख्याने असते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. संशोधकाला ग्रंथ आणि मार्गदर्शक यांच्याबरोबर आणखी एक आधार लागतो, तो त्याच वाटेने चालणाऱ्या सोबत्याचा. या सोबतीचा आपल्या परंपरेतील इतिहास आम्ही येथे थोडक्यात पाहू इच्छितो.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने पीडित होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तथागतांनी व आनंदाने त्याला स्वहस्ते धुऊन मंचकावर निजविले. इतर भिक्खूंनी त्याची शुश्रूषा का केली नाही, या प्रश्नाला मिळालेले उत्तर मोठे बोलके आहे. तो भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता! त्यानंतर तथागतांनी जो नियम घालून दिला, त्यातील क्रम आपल्या अभ्यासकांनी बारकाईने पाहावा. प्रथम उपज्झाय, मग आचरिय. मग सद्धिविहारिक व अंतेवासिक, म्हणजे शिष्य. आणि त्यानंतर समानुपज्झायक व समानाचरियक, म्हणजे एकाच गुरूपाशी शिकणारे सहाध्यायी. यांपैकी कोणीच नसेल तर जबाबदारी संघाची, आणि ती टाळल्यास दुक्कटाचा दोष. येथे सहाध्यायाचे साहाय्य हा दयेचा किंवा लोभाचा विषय राहिलेला नाही. ते कर्तव्य झाले आहे. उपज्झायाने शिष्याच्या मनातील उद्विग्नता व शंका दूर कराव्यात, आणि प्रसंगी शिष्यानेही उपज्झायाच्या दूर कराव्यात, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे.

सातव्या शतकात ह्युएनत्संग नालंदेस शीलभद्रांपाशी शिकला. तेथे चर्चेला दिवस अपुरा पडे आणि लहानथोर परस्परांना साहाय्य करीत, अशी नोंद त्याने केली आहे. नालंदेच्या अवशेषांत हिंडताना आपण भिंतींची जाडी मोजतो; ही नोंद मात्र विसरतो.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा असा कोणताही संघ त्यांच्या पाठीशी नव्हता. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हे पारशी सहाध्यायी मिळाले आणि ती मैत्री पुढे टिकली. १९१७ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती संपल्याने लंडनचे अध्ययन अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकून १९२० साली ते पुन्हा निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी १,५०० रुपये दिले आणि भथेनांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. महाराजांच्या साहाय्याचा उल्लेख आपल्या सभांतून उचित गौरवाने होतो, भथेनांचा क्वचितच. ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी सुधारण्यास सांगितला. पैसा सरलेला होता. बाबासाहेब मुंबईस आले, येथून सुधारित प्रबंध पाठविला, आणि १९२३ च्या अखेरीस तो स्वीकारला गेला. भथेनांनी त्या प्रबंधातला एकही शब्द लिहिला नाही. परंतु त्यांचे कर्ज नसते तर लंडनची वाट पुन्हा खुली झाली असती काय?

तरीही भथेना भेटणे हा योगायोग होता. विनयाने सहाध्यायाला व संघाला जबाबदार धरले होते, ते अशा योगायोगावर कोणाला विसंबून राहावे लागू नये म्हणून, असे आम्हांस वाटते.

आपल्या मुलामुलींपैकी पुष्कळजण घराण्यातील पहिले संशोधक असतात. प्रबंधाचे प्रकरण वाचून पाहणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, शिष्यवृत्ती थकलेल्या महिन्यांत खानावळीचे पैसे भरणे ही कामे वसतिगृहांतील सहाध्यायी निमूटपणे करीत असतात. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधकांना वसतिगृह सोडावे लागले. त्यांनी आवारातच उघड्यावर मुक्काम केला व त्या जागेला 'वेलिवाडा', म्हणजे तेलुगू गावाबाहेरची दलित वस्ती, असे नाव दिले. सहाध्यायी त्यांच्यासोबत राहिले. नियमाचा शेवटचा भाग, जो संस्थेने पाळावयाचा, तो मात्र कोणी पाळला नाही. १७ जानेवारीस रोहित वेमुला यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीचा हिशेब आहे, आणि त्यातून सुमारे ४० हजार रुपये एका मित्राला परत द्यावेत अशी विनंती. त्या मित्राने ते कधीच मागितले नव्हते, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.