मूलनलिकेची प्रक्षालनद्रव्ये आणि दंतिन

मूलनलिकेत उरलेली मृत मज्जा व तिच्या आश्रयाने वाढलेले जंतू यांचे निर्मूलन हा मूलनलिका-उपचाराचा गाभा होय. शस्त्र जेथे पोचत नाही तेथे द्रव पोचतो. म्हणून प्रक्षालनद्रव्यांचा इतिहास बहुधा जंतुनाशनाचाच इतिहास म्हणून लिहिला गेला. ज्या भिंतीवरून हे द्रव वाहतात त्या दंतिनाचे काय होते, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

प्रारंभीचे उपाय आज वाचताना अंगावर काटा येतो. १८९३ साली श्रायर यांनी पोटॅशियम व सोडियम या धातूंनी नलिकेतील मृत ऊती नष्ट करण्याची रीत सांगितली. पुढच्याच वर्षी कॅलहान यांनी अरुंद नलिका उघडण्यासाठी गंधकाम्ल वापरले व मागाहून ते खाण्याच्या सोड्याने निष्प्रभ केले. दंतिनाचा वजनाने सुमारे ७० टक्के भाग खनिज असतो; भिंत विरघळणे हा येथे उपचाराचा दोष नव्हता, तो त्याचा हेतूच होता.

सोडियम हायपोक्लोराइट दंतवैद्यकात आले ते रणांगणावरील जखमांच्या वाटेने. १९१५ साली डेकिन यांनी सुमारे ०.५ टक्के तीव्रतेचा द्रव सिद्ध केला. तीव्रता इतकी अल्प ठेवण्यामागे सजीव ऊतींना अपाय होऊ नये हा विचार होता. १९३६ मध्ये वॉकर यांनी मूलनलिकेसाठी या वर्गातील द्रवाचा पुरस्कार केला, आणि १९४१ मध्ये ग्रॉसमन व मेमन यांनी मज्जा विरघळविणाऱ्या द्रव्यांची तुलना प्रसिद्ध केली. पुढे जवळजवळ दहापट तीव्र द्रव रूढ झाला. मज्जा विरघळविणारे द्रव्य दंतिनातील कोलॅजनही विरघळवील, हे तर्काने तेव्हाही उमजण्याजोगे होते.

१९५७ साली नॉर्वेचे न्यूगार्ड-ओस्टबी यांनी तीव्र अम्लांऐवजी ई.डी.टी.ए. सुचविले. हे द्रव्य कॅल्शियमला बांधून घेते. १९७५ मध्ये मॅकोम्ब व स्मिथ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रांनी घासलेल्या भिंतीवरचा लेप दाखविला, तेव्हा तो काढणे हे नवे ध्येय ठरले. १९८३ साली यामादा व सहकाऱ्यांनी १७ टक्के ई.डी.टी.ए. आणि त्यानंतर ५.२५ टक्के हायपोक्लोराइट असा क्रम मांडला. लेप गेला, पण या क्रमातच एक धोका दडलेला होता. ई.डी.टी.ए.ने खनिज काढून घेतले की कोलॅजन उघडे पडते, आणि त्या निराधार जाळ्यावर मागून येणारे हायपोक्लोराइट तुटून पडते. २००२ मध्ये चाल्ट व सेर्पर यांना ई.डी.टी.ए. एक मिनिट ठेवल्यास लेप निघून जातो, दहा मिनिटे ठेवल्यास मात्र सूक्ष्मनलिकांभोवतीचे दंतिन अतिरिक्त झिजते, असे आढळले.

त्याआधी २००१ साली सिम व सहकारी आणि ग्रिगोराटोस व सहकारी यांनी दंतिनाच्या पट्ट्यांवर प्रयोग करून तीव्र हायपोक्लोराइटने त्यांचे वक्रणबल व स्थितिस्थापकता घटते असे दाखविले. मात्र प्रयोगात पट्टी द्रवात बुडालेली असते. मुखात केवळ नलिकेची आतली बाजू द्रवाला भिडते. शिवाय उपचारित दात मोडण्याला किडीने व शस्त्राने गमावलेला भागही कारण होतो, आणि त्यातून द्रवाचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही. झेंडर यांनी २००५ मध्ये पुढे आणलेला एटिड्रोनेट हा सौम्य पर्याय या शंकेतूनच अभ्यासाचा विषय झाला. तो हायपोक्लोराइटमध्येच मिसळून वापरता येतो, त्यामुळे भिंतीवरील खनिज एकदम न निघता हळूहळू निघते.