शिष्यांच्या आठवणींतील लहुजी वस्ताद

इ. स. १८०२ च्या डिसेंबरच्या ३१ तारखेस दुसऱ्या बाजीरावानें वसई येथें इंग्रजांशीं तह केला. जी वसई चिमाजीअप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं प्राणांची बाजी लावून घेतली, तेथेंच मराठी राज्याच्या रक्षणाचें काम परक्या पलटणींकडे सोंपविलें गेलें. या तहाचे राजकीय परिणाम शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतात. पण पिढ्यान् पिढ्या तरवारीवर पोट भरणाऱ्या घराण्यांचें आणि त्यांच्या विद्येचें पुढें काय झालें, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

अशाच एका घराण्यांत, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशीं, लहुजी साळवे यांचा जन्म झाला. परंपरेनें चालत आलेली तारीख १४ नोव्हेंबर १७९४. वडील राघोजी हे जातीनें मांग, शस्त्रविद्येंत निष्णात आणि पेशव्यांच्या पदरीं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत त्यांस वीरमरण आलें, असें लहुजींची शिष्यपरंपरा सांगते. त्यानंतर बारा दिवसांनीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें.

पुढें लहुजींनीं पुण्याच्या गंज पेठेंत तालीम चालविली. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. मराठींत तो लाल मातीच्या हौद्यास चिकटला आणि ‘उस्ताद’ शब्दाचा ‘वस्ताद’ झाला. लहुजींच्या बाबतींत मात्र जुना अर्थच अधिक खरा ठरला, हें पुढें दिसेल.

या तालमींत मुख्य विद्या दांडपट्ट्याची. पट्ट्याचें पातें लांब, सरळ व लवचीक. मूठ कोपरापर्यंत पोंचणाऱ्या लोखंडी आवरणांत. त्यामुळें मनगट मोकळें राहत नाहीं. सारें काम खांद्यानें, कमरेनें व पावलांनीं करावें लागतें. नवशिक्याच्या हातीं हें हत्यार शत्रूपेक्षां त्याच्याच पायांस अधिक धोक्याचें. ही विद्या पुस्तकांत वाचून येत नाहीं. गुरूसमोर पवित्रा घेऊन उभें राहावें लागतें. आणि येथें गुरु होता मांग! ज्या शहरांत अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ मानीत, त्याच शहरांत माळ्याचा मुलगा त्याच्याकडे शिकावयास आला आणि ब्राह्मणाचाही आला.

माळ्याचा मुलगा म्हणजे जोतीराव फुले. मिशनऱ्यांच्या शाळेंतील त्यांचें शिक्षण १८४७ सालीं संपलें, त्या सुमाराची ही गोष्ट. ‘गुलामगिरी’ या १८७३ सालच्या ग्रंथांत जोतीरावांनीं ती स्वतःच नमूद केली आहे. इंग्रजांचें राज्य उलथून पाडावें या हेतूनें आपण दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकलों, असें ते सांगतात. आणि गुरूचें नांव घेतात तें मोघम नव्हे, बापाच्या नांवासकट. पुढें आपला विचार कां पालटला, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. हेतु सोडला, पण तो हेतु मनांत धरून ज्याच्यापाशीं शिकलों त्याचें नांव गाळलें नाहीं. तें नांव छापलें गेलें तेव्हां लहुजी त्याच पुण्यांत हयात होते. वय ऐंशीच्या घरांत.

तालमींतलें नातें शाळेंतही टिकलें. जोतीरावांनीं महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, तेव्हां लहुजींनीं आणि राणबा महार यांनीं आपापल्या वस्तींत लोकांची समजूत घालून मुलें पाठविलीं. जोतीरावांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीनें महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त छापून आला. तो आजही वाचवतो, आणि वाचणाऱ्यास खालीं मान घालावयास लावतो. पट्टा शिकविणाऱ्या म्हाताऱ्यानें पाटीपेन्सिलीची बाजू घेतली, हें त्याच्या शस्त्रविद्येपेक्षां कमी मोलाचें मानूं नये.

ब्राह्मणाचा मुलगा म्हणजे शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. पुण्यांत लष्करी हिशेब खात्यांत ते कारकून होते आणि लहुजींच्या तालमींत ते तयार झाले, असें त्यांच्या चरित्रांतून सांगितलें जातें. १८७८ सालीं शस्त्रांचा कायदा आला. हत्यार बाळगण्यास परवाना लागूं लागला. पुढच्याच वर्षीं फडक्यांनीं रामोशी व इतर गरीब लोकांस जमवून बंड उभारलें. ज्यानें मांग गुरूपुढें मान लवविली, त्यास रामोशांच्या पंक्तीस बसणें जड गेलें नसावें. जुलै १८७९ मध्यें ते पकडले गेले. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्यांची एडनला रवानगी झाली.

लहुजींच्या शिष्यांत पुढें आणखीही मोठमोठीं नांवें गोंवलीं जातात. वर्षें लोटतील तशी ही यादी लांबतच गेली आहे. गुरूचें थोरपण मोजण्यास तिची गरज नाहीं. लहुजींचें स्वतःच्या हातचें चरित्र नाहीं. त्यांच्याविषयीं खात्रीचें जें सांपडतें तें बहुतेक जोतीरावांसारख्यांच्या चार ओळींतून.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजीं लहुजी वारले. त्यांची समाधि पुण्यास संगमवाडींत आहे. बरोबर दोन वर्षांनीं, १८८३ च्या त्याच तारखेस, फडके एडनच्या तुरुंगांत मरण पावले. गंज पेठेस आतां महात्मा फुले पेठ म्हणतात. वस्तादांची तालीम त्याच पेठेंत, जोतीरावांच्या वाड्यापासून थोड्याच अंतरावर आहे.